आईचे गाल वर नेल्याची हकीकत

तीर्थरूप मावशीच्या पायांशी साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घातलेला नाही, कारण फरशी आत्ताच पुसली आहे आणि आई दारात उभी आहे, पण मनातून पूर्ण आडवा झालोय असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? डाव्या कानात अजून शिट्टी वाजते का? वरच्या मजल्यावरची ती बाई अजून तुझ्या दोरीवर स्वतःचे कपडे वाळत घालते का, आणि तू अजून तिचे चिमटे लपवतेस का? आम्ही इथे सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तुझी चिठ्ठी पोचली. मी पाठवलेला आईचा फोटो बघून तू लिहिलंयस की पाठची बहीण असून ती आता तुझी मुलगी शोभते, तर ते गाल वर करायचं नेमकं काय असतं, दुखतं का, आणि माझ्या ओळखीने तुझंही होईल का. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून पळाली असं मास्तर म्हणायचे, तेव्हा न लागलेले शब्द सोडून दे, पुढे लागतील.

तर मी सध्या चामडीच्या दवाखान्यात आहे. (आई म्हणते त्वचेच्या म्हण, चामडी जनावरांची असते.) तू विचारशील की तंबूवाल्याकडचं काम काय झालं. ते सुटलं. त्याआधी बेकरी होती, त्याआधी नदीवरची ती बोट. तंबूवाल्याचं का सुटलं ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात एक बकरी आहे, ती आत्ता नको. दवाखान्यात माझं काम म्हणजे येणाऱ्या माणसांचे फोटो काढणं, आधीचे आणि नंतरचे. समोरून, डावीकडून, उजवीकडून. कपाळाला पट्टा, केस मागे, हसायचं नाही. बाबांच्या स्टुडिओत लहानपणी लुडबुड केली होती तेवढ्या भांडवलावर मला घेतलं. बाबा आयुष्यभर लोकांच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत आले, तेच काम ही मंडळी थेट माणसावर करतात, एवढाच फरक. पेन्सिलीने दुखत नसे, हा दुसरा.

आता बाबांचं सांगतो. तू मागे आली होतीस तेव्हा त्यांचं विसरणं चष्म्यापुरतं होतं. मग ते गल्लीपर्यंत गेलं, मग माझ्यापर्यंत. मी सध्या स्टुडिओशेजारच्या शिंप्याकडचा मुलगा आहे आणि त्यांची पँट अजून का झाली नाही याचा जबाब मला रोज द्यावा लागतो. त्याचं काही नाही, मी कुठे कधी एका जागी टिकलोय की मला कोणी लक्षात ठेवावं. पण एके दिवशी आई चहा घेऊन गेली आणि बाबांनी तिला आई म्हटलं. माझी आई नव्हे, त्यांची. म्हणजे आजी, जी जाऊन माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली. आईचे गाल ओघळले होते, हनुवटीखाली पिशवी आली होती, तोंडाच्या दोन्ही बाजूंना त्या दोन उभ्या घड्या पडल्या होत्या. आजीचा शेवटचा चेहरा साधारण तसाच होता म्हणतात. बघ ना, जिच्या पुढे आई जन्मभर मान खाली घालून उभी राहिली, त्या सासूचाच चेहरा शेवटी सुनेला लागला. दागिने धाकट्या जावेकडे गेले होते.

पण तेव्हा घर चालत होतं, मावशी. आईच्या हातून बाबा शहाण्या मुलासारखे जेवायचे, नखं कापून घ्यायचे, औषध घ्यायचे. फक्त जेवता जेवता भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवायचे. (तोच, आईचा लग्नानंतरचा, ती खिडकीपाशी उभी असतानाचा. बाबांनी जगाच्या सुरकुत्या पुसल्या पण त्या फोटोला पेन्सिल लावली नाही, तीळसुद्धा ठेवला.) बोट दाखवून विचारायचे की ही कुठे गेली. आणि मग आवाज खाली आणून, "आई, तू हिला काही बोललीस का?"

पहिल्यांदा हे ऐकून आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच. नंतर मात्र ती तिथेच बसून ऐकायची. बाबा आजीला रागवायचे, की तू हिला सारखं टोचून बोलतेस, ती दिवसभर राबते, तिला माहेरी जायचं होतं तर तू जाऊ दिलं नाहीस. आई म्हणाली, हे त्यांनी तेव्हा तिथे बोलायचं होतं. मग म्हणाली, पण बोलले तर खरं. आणि सासूच्या वतीने माफी मागून मोकळी झाली. पण माफीने भागेना. बायको काही परत येईना आणि बाबा रोज दुपारी दाराकडे तोंड करून बसायला लागले. तेव्हा आईने मला विचारलं, तुमच्याकडे ते गाल वर करतात ना, ते मला त्या फोटोजवळ कुठवर नेऊ शकतील?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की ओघळलेला चेहरा एका उपायाने उभा राहत नाही, आणि हे मला पटलं, कारण तंबूचंही तसंच असतं. नुसते दोर ओढले तर कापड फाटतं, नुसता खांब टेकवला तर कडा लोंबतात, आणि कापडच सैल असेल तर दोन्हीचा उपयोग नाही. (बकरीने नेमका दोर खाल्ला होता. असो.) तर आधी एक यंत्र गालावर टेकवतात, ते कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने आत खोलवर ऊब देतं, त्याने कातडी हळूहळू आवळते, हे झालं कापड. मग काट्याकाट्यांचे धागे सुईने आत सरकवून गाल वर ओढून अडकवतात, हे दोर. मग हाडापाशी, जिथे खड्डा पडतो तिथे, जेल भरतात, हा खांब. कापाकापी नाही, टाके नाहीत. दुखतं. आई विचारल्यावर नाही म्हणाली, पण माझा हात तिच्या हातात होता आणि माझी अंगठी वाकडी झाली. नंतर काही दिवस मोठ्याने हसायचं नाही, उताणं झोपायचं, मऊ खायचं. हसण्याची अडचण आली नाही.

सूज उतरेपर्यंत आई बाबांसमोर गेली नाही, मीच वाढत होतो. (शिंप्याच्या मुलाच्या हातचं खाताना ते कपाळाला आठ्या घालून दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे.) मग एका दुपारी तिने फोटोतल्यासारखा भांग पाडला, खिडकीपाशी उजेडात उभी राहिली, आणि खोटं कशाला सांगू, माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला. तुला पाठवलेला फोटो तेव्हाचा. बाबांनी वर पाहिलं. उठून उभे राहिले, शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला. बाबा म्हणाले, "बसा ना. आई बाहेर गेलीय, मिसेस येईलच एवढ्यात."

बसली बिचारी. काय करणार. पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर, स्वतःच्या घरात.

तेव्हापासून बाबा परक्या बाईच्या हातून जेवत नाहीत. भलत्या बायकांशी अंतर ठेवून वागणं हे त्यांच्या धंद्याच्याच शिस्तीतलं होतं, हनुवटी वर करायलासुद्धा ते विचारून हात लावायचे, ते इतकं अंगात मुरलंय की सगळं पुसलं तरी ते राहिलं. घास पुढे केला की तोंड फिरवतात आणि सभ्यपणे सांगतात की आई येऊन भरवेल. म्हणजे बायको मिळाली नाहीच, होती ती आईही गेली. आईचे गाल वर गेले आणि बाबांची गालफडं बसली, मावशी. पँटला कमरेला पिन लावावी लागते. मी म्हणतो शिवायला दिलीच आहे तर आता घट्ट करून आणतो, तर म्हणतात आता कशाला.

आम्ही हातपाय हलवले नाहीत असं नाही. मी दवाखान्यातून आईचा आधीचा फोटो आणला, मोठा करून, आणि आईने तो स्वतःच्या तोंडासमोर धरून मागून चमचा पुढे केला. बाबांनी चष्मा लावून फोटो नीट निरखला. मग मला जवळ बोलावून विचारलं की हा काढला कोणी, म्हाताऱ्या माणसावर समोरून लाइट मारतं का कोणी, खिडकीकडून घ्यायचा होता. बरोबर होतं त्यांचं. घास नाही घेतला.

मग आई डॉक्टरीणबाईंकडे गेली. मी तिथेच होतो, नंतरचे फोटो काढायला. बाई खूश होत्या, आरसा धरून दाखवत होत्या की अजून दोन महिने हे सुधारतच जाईल. आई आरशाकडे न बघता म्हणाली, "परत उतरवता येईल का?" बाईंना वाटलं काही दुखतंय. मग कळलं तेव्हा त्या बराच वेळ आरसा पुसत बसल्या. म्हणाल्या, जेल सुईने विरघळवता येते, धागे वर्षभरात आपोआप विरतात, पण आवळलेली कातडी सैल करायचं यंत्र जगात कोणी काढलेलं नाही, ते काम वयच करतं. आईने जेल काढून घेतली. घरी आलो तर बाबांनी तिला विचारलं, कालच्या बाई आज नाही आल्या का?

तर असं आहे. दुखण्याचं उत्तर वर आलेलंच आहे. प्रकृतीला जप, कानात तेल घालू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय. आईचा नमस्कार लिहितो, तिने सांगितलेला नाही कारण हे पत्र तिला माहीत नाही.

तुझा,
कुठेच न टिकणारा भाचा

ता.क. मावशी, तू तुझ्या गालांना हात लावू नकोस. आहेत तसे घेऊन इकडे ये, आणि महिना-दोन महिने राहा. तुझे गाल आईच्या आधीच्या गालांसारखेच आहेत, थोडे जास्तच खाली आहेत, हे मी प्रेमाने लिहितोय. बाबांशी तुझं लग्नातल्या मानपानापासून बिनसलंय हे मला माहीत आहे, पण ते भांडण त्यांना आठवत नाही, तूही थोडं विसर. ते तुला आई म्हणतील, तू हो म्हण आणि भरव. तू हिला काही बोललीस का म्हणून रागावतील, तेव्हा उलट बोलू नकोस (तुला जड जाईल), एवढंच म्हण की नाही रे, ती येतेय.

ता.क. २. बकरी सुखरूप आहे. तंबू नाही.

ता.क. ३. बंद केलेलं पत्र पुन्हा उघडलं, कारण आत्ता बाहेरच्या खोलीत एक झालं. आई रोजच्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती. बाबांनी तिला विचारलं की रोज येता, पण तुमचं नाव काय ते विचारायचं राहूनच गेलं. आईने सांगितलं. बाबा म्हणाले, "अरे वा. आमच्या हिचंही हेच," आणि बाकावर सरकून तिला शेजारी जागा दिली. दोघं आता दाराकडे तोंड करून बसलीयत, तिची वाट बघत. (जेवण तसंच झाकून ठेवलंय. लवकर ये.)