चौदापैकी एक मुद्दा

मंगळवार, ९ सप्टेंबर

चि. धाकटे,

वयाच्या अधिकाराने आशीर्वाद; कालच्या तुझ्या युक्तिवादानंतर नमस्कार. घरी सर्व क्षेम. तुझ्या वहिनीच्या मते तर मी गप्प असल्यामुळे अतिक्षेम. त्याचा खुलासा यथावकाश.

शिंप्याच्या दुकानाचे अपील ऐकण्यास मी शेवटच्या बाकावर, खांबाआड विराजमान होतो. प्रतिपक्षाच्या वकिलांनी वाग्गंगा अशी वाहवली की मला स्वगृही आल्यासारखे वाटले. मग तू उठलीस. दुसऱ्याच वाक्याला न्यायमूर्तींनी तोडले, "बाई, कागदावर सही तुमच्याच अशिलाची ना?"

मी सहीच्या तत्त्वज्ञानापासून आरंभ केला असता. तू म्हणालीस, "हो, त्याचीच. खालच्या कोर्टात ती खोटी म्हटली होती, ते टिकणारे नाही." मी खांबालाच धरले. "पण तो कागद शिवणयंत्रे परत दिल्याचा आहे, दुकान सोडल्याचा नव्हे. पान बेचाळीस."

तिन्ही न्यायमूर्तींनी पाने उलटली. त्यांचे वाचून होईपर्यंत तू एक अक्षर उच्चारले नाहीस. नंतर वेळ शिल्लक असताना चक्क खाली बसलीस. असा वकील मी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. आरशात तर नाहीच. निकाल तिथेच तुझ्या बाजूने मिळाला.

प्रतिकूल प्रश्न टाळला नाहीस, म्हणून त्यांनी पुढच्या उत्तरावर विश्वास ठेवला. खाली साक्षीदार बोलते करावे लागतात. वर न्यायमूर्तींची शंका ऐकावी लागते. हे शास्त्र मला उमगावे, तेही अशा वेळी, की...

असो. "दादा, तू ऐकायला कधी शिकणार?" असे तू लहानपणापासून विचारतेस. डॉक्टरीणबाईंनी सोय केली आहे. स्वरयंत्रावर गाठ आहे, शुक्रवारी शस्त्रक्रिया. आवाज राहील की नाही, यावर त्यांनी निकाल राखून ठेवला आहे.

माझ्या अशील पाववाल्या मावशींचे अपील पुढच्या महिन्यात आहे. हरल्या तर भट्टीही जाईल आणि तिच्यामागची राहती खोलीही. त्यांना गाठीचे सांगितले, तर पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "भाऊ, जिवाला जपा. बोलून तरी आपण कुठे जिंकलो होतो?" बाई न्यायप्रिय आहेत.

त्यांचे कागद सोबत धाडले आहेत. मुद्दे चौदा होते; तेरा मी स्वहस्ते छाटले, त्यात माझा लाडका, सुभाषितमंडितसुद्धा. उरलेल्या एकात जिथे आपण लंगडे आहोत, तिथे समासात खूण केली आहे. न्यायमूर्ती नेमके तिथेच बोट ठेवतील.

हो म्हण. खांबाआडची जागा मी धरून ठेवतो.

यापुढे माझ्या वतीने बोलण्याचा अधिकार तुला देणारा,
तुझा दादा