हक्कसोडीवर सही नाही

प्रिय भिकनभाऊ,

"नूतन, तुले फुटबॉलमा काय समजस?" अमळनेरच्या मैदानावर तू हसून म्हणाला होतास.

आता समजतं. कोणता संघ जिंकेल यावर पैसे लावतात, किती गोलांच्या फरकानं यावर लावतात, आणि दोघांचे मिळून किती गोल होतील यावरही. तू तिन्ही करून हरलास. आता आईचं शेत विकून पुन्हा खेळायचंय, म्हणून हक्कसोडीवर माझी सही हवी. "बठ्ठ्या बहिणी देतस," म्हणालास, म्हणजे सगळ्याच देतात म्हणून मीही द्यायची.

मी देणार नाही. माहेर तुटलं तरी चालेल.

हे पत्र टाकत नाही, कारण तुझं उत्तर मला ठाऊक आहे. तरी विचारते: रविवारी येशील? मोबाइल बाजूला ठेवून, माझ्याशेजारी बसून, एक सामना नुसता बघशील?

तुझी, वाटा न सोडणारी,
नूतन