जरीची गाठ

प्रिय नीलमआक्का,

पत्र बघून हसू नको. आपल्या गल्लीतला रवळू उद्या निपाणीहून बेळगावला येणार आहे, त्याच्या हाती देतोय. माझं बोलणं कुठं वाहवत जाईल नेम नसतो, म्हणून काम पहिलं सांगतो. आप्पांना स्कूटर काढू देऊ नको. तुझ्या आरोहीला शाळेत तू सोड, चालत सोड, पण त्यांच्या मागं बसवू नको. आक्का, मी लई भ्यालोय.

मी परवा वडगावच्या घरातून निघालो, तेव्हा तू वरच्या खोलीत आरोहीच्या वेण्या घालत होतीस. खाली आप्पा माझ्या गाडीची सीट उघडून बसले होते. बॅटरीच्या वायरी जिथं एकमेकीत बसतात, त्या प्लास्टिकच्या कपलरची खिट्टी मोडली होती. मी म्हटलं, बदलू पुढं कुठंतरी. तर म्हणाले, "गावोगाव हिंडतोस, निदान गाडीचा जोड तरी घट्ट असू दे." मागाजवळचा दोरा घेतला, चार वेढे दिले, गाठ मारून दातांनी टोकं तोडली. आपल्या घरात दोऱ्यानं बांधलेलं न्हाय असं काय आहे? बादलीची कडी, चष्म्याची काडी. माझी शाळेची पिशवीसुद्धा, आणि ती शाळेपेक्षा जास्त टिकली.

तवंदी घाट उतरताना दिवेलागण झाली होती. अचानक दिवा गेला, इंजिन बंद. मांडीखाली चटका बसला आणि सीटखालून धूर. मागं ट्रक भोंगा वाजवतोय, पुढं वळण, आणि मी पेट्रोलच्या टाकीवर बसलेला. कसाबसा कडेला गेलो. पण पत्र त्या भीतीचं न्हाय. ती भीती निपाणीत चहा पिल्यावर उतरली.

इथं तम्मण्णा म्हणून मेकॅनिक आहे. दुकानाला लागूनच तंबाखूचं गोदाम, त्यामुळं मी सारखा शिंकतोय आणि तो सारखा हसतोय. त्यानं सीट उघडली आणि म्हणाला, "काय रं, कपलरला शालू नेसवलास व्हय?" जळका कपलर कापला, नवा घातला, एकेक वायर ओढून बघितली. जुना तुकडा माझ्या हातात दिला. वायरींचं वरचं आवरण झिजून तार उघडी पडली होती, जरीत धातूची तार असते, तिनं त्या दोन तारा जोडल्या आणि शॉर्टसर्किट झालं. सुती दोरा असता तर नुसतं ढिलं राहिलं असतं, म्हणाला. मीपण हसलो. मग अंगठ्यानं काजळी पुसली, दोरा चमकला, आणि माझं हसू तिथंच थांबलं.

आक्का, तुला आठवतं, लाइट गेली की आपण अंधारात आप्पांच्या हातात दोरे द्यायचो? सूत, रेशीम, जरी. एकदाही चुकले न्हाईत. आणि परवा सकाळी, लख्ख उजेडात, त्यांनी जरी सूत समजून बांधली. डोळं सोड, बोटांनाही कळलं न्हाय. तू मागं सांगत होतीस, चप्पल वाटेत निसटली तरी आप्पा तसेच घरापर्यंत आले. आपण हसलो होतो. निघताना कढत चहाचा पेला त्यांनी मुठीत आरामात धरलेला, तोच मला बोटांत धरवला न्हाय. मी म्हटलं, म्हातारा घट्ट आहे. ती साखरेची बिमारी त्यांच्या बोटांची जाणीव खातीय, आक्का. त्याच बोटांनी ते ब्रेक दाबतात, आणि मागं आरोही असते.

फोन केला असता, पण तू स्पीकर लावतीस आणि आप्पा शेजारीच असतात. त्यांनी हे माझ्या तोंडून ऐकू नये. एवढं कर. पत्र मिळालं की त्यांना डोळे मिटायला सांग, खेळ म्हणून, आरोहीलाच सांगायला लाव. हातात एक सुताचा दोरा दे, एक जरीचा. बरोबर ओळखले तर हे पत्र चुलीत घाल आणि मला मनसोक्त शिव्या घाल. पण ते बोटं नुसतीच चोळत राहिले, तर काही बोलू नको. स्कूटरची किल्ली कमरेला खोच. इथलं काम उरकून मी मागोमाग येतोच, डॉक्टरकडं मी नेतो. ती गाठ खिशात आहे माझ्या. सुटता सुटंना, तम्मण्णानं कापून काढली.

तुझाच,
सौरव