डिलियाच्या पावलांची व्यवस्था

मी, ज्ञानदा दिनकर मुळ्ये, वय एकतीस, मूळची सांगलीची, सध्या राहणार एर्लांगेन, व्यवसाय ध्वनी-अभियंता, आज पूर्ण शुद्धीत आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. हा कागद मी हाताने लिहिते आहे, कारण जर्मनीत टाइप करून नुसती सही केलेलं मृत्युपत्र चालत नाही. मंगळवारी माझ्या मेंदूतली गाठ काढणार आहेत. गाठ डाव्या बाजूला आहे, त्यामुळे उजवा हात आणि बोलणं या दोन्हींना धोका आहे. जिवाला किती, तो आकडा डॉक्टरांनी सांगितला आहे. तो इथे लिहीत नाही. अक्षर वाकडं दिसेल. विचार सरळ आहेत.

कलम १. वोनुंग, म्हणजे राहती जागा, भाड्याची आहे. किल्ल्या दोन, दोन्ही इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरकडे द्याव्यात.

कलम २. माझी बँकेतली शिल्लक आणि सांगलीतली मुदत ठेव आई-बाबांना, समान. आई, बांगड्या तुझ्याच कपाटात आहेत, त्या तुझ्याच. मी त्या कधी घातल्या नाहीत याचा राग आता सोड. परवा फोनवर तू विचारलंस, "किती वेळ चालेल गं ऑपरेशन?" मी म्हणाले, "फार नाही." सात तास चालेल. हे वाचशील तेव्हा तुला कळलेलंच असेल.

कलम ३. सोल्डरिंगचं सामान आणि मल्टीमीटर बाबांना. बाबांनी बत्तीस वर्षं वीज मंडळात मीटर तपासले. मल्टीमीटर वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत. सायकल नूलाला (ती कोण ते कलम ५ मध्ये), मागचा ब्रेक ढिला आहे.

कलम ४. ऑफिसमधल्या कोणालाही काही नाही. त्यांनी फुलं पाठवू नयेत.

कलम ५. माझ्याकडे मोलाची म्हणावी अशी एकच वस्तू आहे: जुना करडा लॅपटॉप आणि त्यातली 'कचरा' नावाची फाइल. लांबी चौदा मिनिटं. तो कोणीही फॉरमॅट करू नये. बाबा, तुम्हीसुद्धा नाही. ती काय आहे ते नीट सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीकडे एका खासगी संग्रहातल्या बासष्ट फिती आल्या. आयर्लंडमधल्या जुन्या टेलिव्हिजन कार्यक्रमाच्या: गावोगावचे वादक, गाणारे, नाचणारे. फिती इतक्या कुजल्या होत्या की एकदा वाजवल्या की थर सुटून यंत्राला चिकटायचा. म्हणजे प्रत्येक फीत एकदाच वाजणार होती. आम्ही त्या संगणकावर उतरवल्या आणि आवाज साफ करण्याचं काम माझ्याकडे आलं. फितीच्या आवाजात बारीक टक् टक् असते. ती शोधून काढून टाकणारा प्रोग्रॅम मी लिहिला. किती जोराच्या टक्‌ला कचरा मानायचं, तो आकडा मी ठरवला. शुक्रवार होता. बासष्ट फिती एकदम लावल्या आणि त्यातल्या तीनच ऐकून पाहिल्या.

एकेचाळिसाव्या फितीत डिलिया कीव्हनी नावाची बाई नाचते. तिकडच्या त्या नाचात कमरेच्या वरचं शरीर हलवायचं नसतं. हात बाजूला, मान ताठ, सगळा नाच पायांत. तिच्यासाठी दाराची फळी काढून जमिनीवर टाकली होती, पावलं वाजावीत म्हणून. आणि कॅमेरावाल्याने तिला कमरेपासून वरच घेतलं. तिचे पाय चित्रात कुठेच नाहीत. ते फक्त आवाजात होते. माझ्या प्रोग्रॅमने तो आवाज कचरा म्हणून काढला.

डिलियाची मुलगी नूला पस्तीस वर्षं जर्मनीत आहे, फ्युर्टला बालवाडीत शिकवते. साफ केलेल्या फितीची प्रत तिच्याकडे गेली तेव्हा ती ट्रेन पकडून थेट ऑफिसात आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "फ्राउ मुळ्ये, माझी आई इथे बसची वाट बघत उभी आहे का?"

डिलिया अकरा वर्षांपूर्वी गेली. ते पदन्यास तिचे स्वतःचे होते आणि तिने ते कोणाला शिकवले नाहीत. नूलाला शिकवायला गेली तेव्हा नूला दहा वर्षांची होती आणि म्हणाली होती, "हे म्हाताऱ्यांचं आहे." दुसरं चित्रीकरण नाही.

मूळ उतरवलेली फाइल तोवर नियमाप्रमाणे सर्व्हरवरून पुसली गेली होती. पण काढून टाकलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची मला सवय आहे. ती मी घरच्या लॅपटॉपवर आणली होती. हे करायला मनाई आहे; मी ते केलं. कचरा परत मिसळला की मूळ आवाज मिळायला हवा. मिळत नाही. साफ केलेल्या आवाजाचा वेग आम्ही नंतर दुरुस्त केला. कचऱ्याचा केला नाही. आता नाचाच्या साथीचं व्हायोलिन एकीकडे जातं आणि पावलं दुसरीकडे. एकेक पाऊल हाताने उचलून जागेवर ठेवावं लागतं, आणि त्याआधी ते पाऊल आहे की फितीचा खरखराट ते ओळखावं लागतं.

दीड वर्ष दर रविवारी नूला माझ्या स्वयंपाकघरात बसते. तिला नाचता येत नाही, पण ओळखता येतं.

"ही फीत आहे," मी म्हणते.

"टाच आहे."

"कशावरून?"

"माझ्या टाचेवरून." मग बूट फरशीवर आपटून दाखवते. "गेनाऊ, अगदी हीच. तुझं यंत्र राहू दे बाजूला."

खालचे आजोबा छताला काठी मारतात. नूला म्हणते, "बघ, यांनाही ताल नाही."

नऊ मिनिटं चाळीस सेकंद झाली आहेत. चार मिनिटं वीस सेकंद राहिली आहेत. उजवा हात नीट ऐकेनासा झाल्यापासून, गेल्या चार महिन्यांत, माऊस धरून मी अकराच सेकंद करू शकले.

लॅपटॉप, फाइल आणि झालेलं काम नूला कीव्हनीच्या मालकीचं. पण तिला ते पुरं करता येणार नाही. मी करू शकेन असं मला वाटत नाही. म्हणून पुढचं कलम.

कलम ६. उरलेलं काम उत्कर्ष नाडगौडा, राहणार डार्मश्टाट, याने पुरं करावं अशी माझी विनंती आहे. असे कान असलेला आणि हा प्रोग्रॅम माहीत असलेला दुसरा माणूस मला ठाऊक नाही. त्याने हे का करावं याचं एकही कारण माझ्याकडे नाही.

उत्कर्ष माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. साफ केलेल्या फितींवर दुसऱ्या अभियंत्याची मंजुरीची सही लागायची. त्याने विचारलं होतं, "सगळं ऐकलंस?" मी म्हणाले, "ऐकलंय, कर सही." नूलाची तक्रार आल्यावर मीटिंगमध्ये विचारलं गेलं, हे पास कोणी केलं? मी म्हणाले, "सही उत्कर्षची आहे." ते खरं होतं. पुढे मी काही बोलले नाही. त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, व्हिसाचे तीन महिने उरले होते. टेबल आवरताना तो म्हणाला, "खोटं बोलली असतीस तर भांडता तरी आलं असतं."

आकडा माझा होता, उत्कर्ष. ऐकलेल्या फिती तीन होत्या. हे मी इथे सहीनिशी लिहिते.

मी त्याला तीन मेल आणि एक पत्र पाठवलं. उत्तर नाही, फोन ब्लॉक. मृत्युपत्रात ज्याचं नाव असतं त्याला, लिहिणारा गेल्यावर, इथलं कोर्ट स्वतः पत्र पाठवतं, आणि या देशात कोर्टाचं पाकीट न उघडता कोणी ठेवत नाही. माझे हेडफोन मी त्याच्या नावे करते, ते त्याचं नाव इथे यावं म्हणून. घ्यावेत अशी अपेक्षा नाही. पत्र उघड, एवढंच. कृपा करून उघड.

कलम ७. या देशात अशा कागदाला साक्षीदार लागत नाहीत. बाबांना लागतात. म्हणून नूलाला हा सगळा मजकूर जर्मनमध्ये वाचून दाखवला आणि तिची सही घेतली. कलम सहा तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आणि तू मेली नाहीस तर? नुसतं बोलता येईनासं झालं तर? कोर्ट कोणाला पत्र पाठवणार?"

याचा विचार मी केला नव्हता.

एर्लांगेन, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५
ज्ञानदा दिनकर मुळ्ये (सही)
साक्षीदार पहिली: नूला कीव्हनी, फ्युर्ट (सही)

पुरवणी. आज नूलाबरोबर व्युर्त्सबुर्गमार्गे डार्मश्टाटला आले. लॅपटॉप मांडीवर ठेवला. उत्कर्षने दार उघडलं आणि साखळी काढली नाही. मी बोलायला लागले, पण शब्द जागेवर येईनात. 'फीत' म्हणायचं होतं आणि 'भिंत' म्हणत राहिले. त्याला वाटलं मी नाटक करते आहे. मग फटीतून हा कागद आत दिला. आम्ही जिन्यात बसलो. पाऊण तासाने साखळी निघाली. दुसरा साक्षीदार म्हणून सही करायला तो तयार झाला. सहीच्या वर स्वतःच्या हाताने काय लिहायचं ते त्याचं त्याने ठरवावं, असं मी मान्य केलं आहे.

डार्मश्टाट, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५
ज्ञानदा दिनकर मुळ्ये (सही)

साक्षीदार दुसरा: सगळं वाचलं. कलम ६ खरं आहे. माफ केलेलं नाही. फाइल हेडफोन लावून ऐकली. पाचव्या मिनिटापासून पावलं व्हायोलिनच्या मागे पडत गेली आहेत आणि ज्ञानदाला ते ऐकू येत नाहीये. मी तिच्यासमोर दोनदा लावून पाहिलं. तिथून पुढचं सगळं पुन्हा करावं लागेल. मंगळवारच्या आत होणार नाही. लॅपटॉप मी ठेवून घेतला आहे.
उत्कर्ष नाडगौडा (सही)