पाणघोडी हलणार नाही

१२ जानेवारी

बाबा,

नमस्कार. छिन्नी धरताना तुमचा खांदा दुखतो, असं दादा म्हणाला. शेकत जा. माझं ठीक आहे.

उद्घाटनाचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. इस्पितळाच्या दारातल्या माझ्या पाणघोडीकडे तुम्ही एकदाच बघितलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "हे खेळणं आहे. शिल्प म्हणू नका." मग चहाही न घेता निघून गेलात. वर इस्पितळाच्या कमिटीला कळवलंत, की ती दारातून काढा, तिथे काहीतरी गंभीर ठेवा. सेक्रेटरीबाईंनी मला बोलावून विचारलं, मागच्या आवारात हलवू का. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांचं नाव मोठं आहे. म्हटलं, आमच्या घरातही मोठंच आहे, तरी नाही.

ती गुलाबी आहे, फायबरची आहे, पोट धरून खदाखदा हसते. कबूल. तुमच्या पुतळ्यांभोवती साखळी असते, हिच्या मांडीवर बसता येतं. काल एक आजोबा एक्स-रेचं पाकीट सांभाळत आले आणि खुशाल तिच्या मांडीवर टेकले. बायको म्हणाली, "अहो, लोक बघतायत." ते म्हणाले, "बघू देत. तूही ये." नंबर लागेपर्यंत दोघं तिथेच बसली होती. त्यांना कुणी अर्थ समजावून सांगितला नव्हता. याला तुम्ही हलकं म्हणता. म्हणा.

तुम्ही आईचा संगमरवरी अर्धपुतळा केलात. लोक वाखाणतात. मीही वाखाणला, पण ती बाई कोण, ते मला अजून कळलेलं नाही. मिटलेले ओठ, झुकलेली नजर. आई अशी कधी बसली, बाबा? ऑपरेशननंतर तिला घरी सोडलं, तेव्हा इस्पितळाच्या याच दारात डॉक्टरांचा केसांचा टोप वाऱ्याने उडाला. ती पायरीवर बसून पोट धरून हसत सुटली. मला म्हणाली, "पुरे गं, टाके तुटतील माझे." तुम्ही गाडी आणायला गेला होतात. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही, आणि तिचं ते हसणं तुमच्या दगडात कुठेच आलं नाही.

पाणघोडीच्या डाव्या गालावर आईची खळी आहे. ती तुम्हाला दिसली. म्हणूनच तुम्ही निघून गेलात.

सोमवारी सकाळी मी वार्निशचा दुसरा हात द्यायला जाणार आहे. आलात तर ब्रश देईन. नाही आलात, तरी काम थांबणार नाही.

हसण्यात आईवर आणि हट्टात तुमच्यावर गेलेली,
धाकटी