नारळ ठेव, पाकीट परत कर

बाई, आज सकाळी इथल्या ईस्ट कोस्ट बागेत समुद्राकाठच्या बाकावर बसून लेकीला पळताना बघत होते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी आपलं भांडण काही मिटत नाही.

लेक अमेरिकेत शिकते, कॉलेजच्या संघातून पळते. सुट्टीला इथे माझ्याकडे आलीय म्हणून इथल्या मराठी मंडळींनी स्नेहमेळाव्यात तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि शालीच्या घडीवर पाकीट. देणारे काका आमच्याच काँडोच्या इमारतीतले, वडीलधारे. चारचौघांत नाही कसं म्हणणार? मीच पाकीट पर्समध्ये टाकलं आणि वर वाकून नमस्कार केला. घरी आल्यावर लेकीचा चेहरा पांढराफटक. इथल्या बोलीत ओरडली, "मम्मी, यू टुक कॅश? फॉर माय रनिंग? कॅनॉट, लाह!"

तिच्या संघातल्या अमेरिकन मुली आता उजळ माथ्याने जाहिराती करतात, पैसे घेतात. हौशीपणाचं जुनं सोवळं तिथे बरंच सुटलंय. पण ही विद्यार्थी व्हिसावर. पळण्याची कमाई केली असं ठरलं, तर संघातली जागा जाईल आणि व्हिसाही. इथे, या परक्या देशात, ती माझ्या नोकरीच्या पासवर, म्हणजे परवान्यावर राहते, म्हणजे इथेही कमवायला मोकळी नाही. भारत तिचा देश, पण तिथे ती फक्त लग्नांना जाते. कॉलेजच्या जाहिरातीला मात्र बसवर तिचा हा मोठा फोटो आहे. कॉलेजात हे नियम बघायला वेगळं ऑफिस असतं. तिने विचारलं, उत्तर आलं, परत करा.

आणि मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. तुमच्या हाताखाली पळून मी विद्यापीठाची शर्यत जिंकलेय, आमच्या पेठेतल्या मंडळाने सत्कार केलाय आणि मी नारळ-पाकीट घेऊन तुमच्या क्वार्टरवर नाचत आलेय. तुम्ही स्टोव्हला पंप मारताय. मान वर न करता म्हणता, "नारळ ठेव, पाकीट परत कर. पैसे घेतलेस तर उद्या हौशी खेळाडू म्हणून शर्यतीला उभं राहता येणार नाही." त्या पाकिटात माझे स्पाइक्सचे बूट होते, बाई! मी रडले, तणतणले आणि जाऊन परत करून आले. तुम्ही नारळ खवून वड्या थापल्या, सगळ्या मुलींना वाटल्या. मी "नको" म्हणून तोंड फिरवलं. पुढच्याच वर्षी घरात पगार हवा झाला, मी नोकरी धरली, पळणं संपलं. तुम्हाला पगार होता. मैदानावर पाणी मारणाऱ्यालाही होता. हौशी राहायचं ते फक्त आम्ही.

हे लेकीला सांगितलं तर ती हसली. "सो युअर कोच गॉट पेड टु टेल यू नॉट टु गेट पेड?" इतकी वर्षं मी हेच म्हणत आलेय. तरी तिच्यावर खेकसले, "बाईंबद्दल असं बोलायचं नाही." तुमच्या त्या पगारातूनच आम्हाला सरावानंतर अंडी आणि केळी मिळायची, हे सांगायचं राहून गेलं.

काल काकांकडे जाऊन पाकीट दिलं. ते हातात घेईनात. "आमच्या हातचं चालत नाही का आता तुम्हाला?"

"काका, नियम आहे तिकडचा."

"अहो, आशीर्वादाला कसला नियम?"

शेवटी टीपॉयवर ठेवून निघाले. त्यांनी दार लावलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी लेक दारातच वाट बघत होती. "सो, आय जस्ट रन? एव्हरीवन एल्स गेट्स पेड?"

मी म्हटलं, "हो. नारळ ठेव." अगदी तुमच्याच आवाजात. तुम्ही मला जिथे कोंडलंत, तिथेच मी तिला कोंडलं, आणि दुसरं काय करायचं होतं ते मला अजूनही कळत नाही. ती बूट काढून आत गेली.

हे तुम्हाला कुठे पाठवणार? राग अजून आहे, तो असू दे. नारळ ओट्यावर तसाच आहे, आज खवायला घेईन म्हणते. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही हात धुवायला गेलात, तेव्हा ताटातली एक वडी मी रुमालात बांधली आणि घरी जाताना रस्त्यात खाल्ली. पळण्याची तेवढी कमाई मी घेतलीय, बाई.