उंबऱ्यावरचे ओपिही

प्रिय काइमी,

रविवारी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर ओली पिशवी. आत ओपिही, खडकावरून खरवडलेले शिंपले, पन्नासेक तरी, कवचासकट. चिठ्ठी नव्हती, पण मला चिठ्ठी कशाला हवी? पहिला वाटा म्हाताऱ्यांचा, हे मीच तुला शिकवलं. होनोलुलूला जाऊनही विसरला नाहीस, म्हणून क्षणभर बरंच वाटलं. मग लक्षात आलं, एवढे मोठे ओपिही आता फक्त आपल्या बंद खडकांवरच आहेत. मित्राच्या बोटीने आलास आणि आईला न भेटताच गेलास, ते का, तेही कळलं.

तीन वर्षं त्या खडकांना हात लावायचा नाही असं गावाने ठरवलं, तेव्हा तूही हात वर केला होतास. किनारा आपला कुलेआना, हक्कही आपला आणि राखणही आपली, असं छाती पुढे काढून बोलला होतास. गेल्या उन्हाळ्यात परक्या बोटी आल्या, तर गुडघाभर पाण्यात उभी राहून मी त्यांना हाकललं. ठाऊक आहे, तुझ्या लेकीचा, माहिनाचा, पहिला वाढदिवस आहे, तीनशे पानं उठणार, आणि ओपिही नसतील तर सासरचे नाकं मुरडतील. मुरडू देत! ती मोठी झाल्यावर तिला त्या खडकांवर काय दाखवशील, नुसतं शेवाळ? खरवडून काढलेला जीव परत चिकटत नाही रे, नाहीतर मीच पोहत जाऊन चिकटवून आले असते.

काल सभेत पिशवी टेबलावर ठेवली. आपले प्रमुख, केआवेकाका, हळूच म्हणाले, "वहिनी, झाका ती. घरचंच पोर असणार, कशाला बोभाटा?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "परक्यांना हाकलायचं आणि घरच्यांना पाट मांडायचा? मग बंदी कुणासाठी केलीत?"

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझं नाव मीच घेतलं. शिक्षाही मीच मागितली: बारा शनिवार त्या खडकांवर पहारा. येत्या शनिवारी ये. नाही आलास, तर तुझ्या जागी मी उभी राहीन, आणि विचारेल त्याला सांगेन, हा माझ्या मुलाचा पहारा आहे.

तुझीच, आणि अजून रागावलेली,
आई